डीपीच्या सुरातला बँड

आमचा बँड चार माणसांचा आहे आणि आम्ही कडावजवळच्या एका भातगिरणीत सराव करतो. गिरणी ड्रम वाजवणाऱ्याच्या घरची आहे. भरडाईचं काम नसेल त्या रविवारी ती आम्हाला मिळते. दिवाळीनंतर दोन-अडीच महिने गिरणी सतत चालू असते. त्या काळात आमचा बँड नसतो.

गाणारी कर्जतची आहे, एका शाळेत गणित शिकवते. गिटार वाजवणारा खोपोलीचा, आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन. मी बेस गिटार वाजवतो. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, बीएस्सी, आणि रंगाच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरीला आहे. सकाळी कामावर गेलो की आधी सगळी उपकरणं बरोबर आकडा दाखवतात की नाही हे तपासायचं, मगच दिवस सुरू करायचा, हे माझं पहिलं काम. सात वर्षांत ते मी एकदाही चुकवलेलं नाही. हे अभिमानाने सांगत नाही. पुढे लाज वाटायची आहे, तिची तयारी म्हणून सांगतो.

आमची गाणी आमचीच आहेत, मराठीत. ती ऐकायला माणसं थोडी असली तरी वेगवेगळ्या गावांत आहेत, त्यामुळे दौरे करावे लागतात. दौरा म्हणजे गिरणीचा टेंपो. त्यात आठवडाभर तूस आणि कोंडा भरलेला असतो. शनिवारी कितीही झाडून घेतला तरी रविवारी सगळं आमच्या वाद्यांत जाऊन बसतं. नाशिकला पहिल्या गाण्याच्या पहिल्याच ठोक्याला मोठ्या ड्रममधून तूस उडालं आणि दिव्यांच्या उजेडात सगळीकडे पसरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाणारी शिंकत होती, पण तिने ते तालात बसवलं. कार्यक्रम संपल्यावर आयोजकाने ड्रमवाल्याला बाजूला घेऊन विचारलं, हे धुराचं मशीन कुठल्या कंपनीचं. ड्रमवाल्याने आपल्या भाताची जात सांगितली.

जवळपासचे कार्यक्रम कर्जतच्या फार्महाउसांवर होतात. एकदा आमचे सगळे श्रोते पोहण्याच्या तलावात होते. त्यांतल्या एकाने पाण्यातूनच विचारलं, "काही हिंदी येतं का?" गाणारी म्हणाली, "येतं, पण बोलायला." त्याला ते पटलं आणि तो बुडी मारून पलीकडे गेला.

आता मूळ गोष्ट. गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून वीज मंडळाची डीपी आहे, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. ती दिवसरात्र घुमत असते. आम्ही तिथे स्पीकर लावले तेव्हा तेच घुमणं स्पीकरमधूनही येऊ लागलं. आमच्या गिटारवाल्याने अर्थिंग बदललं, खड्डा खणून तांब्याची पट्टी पुरली, वर मीठ आणि कोळसा घातला. घुमणं तसंच. बरं, ते आमच्या सुरांत बसत नव्हतं. प्रत्येक गाण्यात पाचवा माणूस बेसूर गातोय असं वाटायचं.

"हा काय जात नाय," गिटारवाला म्हणाला. "मग आपणच जाऊ त्याच्याकडं."

वाद्यं सुरात लावायला आमच्याकडे एक छोटं यंत्र आहे, गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखं बसणारं. तार बरोबर लागली की त्यावर हिरवा दिवा लागतो. त्याच्या कोपऱ्यात एक आकडा असतो, ४४०. जगभर वाद्यं त्या आकड्याला लावतात. गिटारवाल्याने बटण दाबत दाबत तो ४४९ वर नेला. आम्ही सगळी वाद्यं त्याप्रमाणे थोडी वर चढवली आणि डीपी सुरात आली. इतकी सुरात, की तंबोरा घेऊन कुणी मागे बसलंय असं वाटावं. आम्ही खूश झालो. त्या दिवशी वडापाव जास्त आणले.

मग आम्ही ते विसरलो. यंत्र एकच, तेच चौघं वापरणार. बँडमध्ये पेटी नाही, कीबोर्ड नाही; आमचं आमच्याशी जुळत होतं, म्हणजे सगळ्या जगाशी जुळत होतं. तीन वर्षं गेली. गाणारी अधूनमधून म्हणायची की एका गाण्यातला वरचा सूर तिला पोचत नाही. आम्ही तिला सराव वाढवायला सांगितलं.

माझे वडील पेटी वाजवतात. खालापूर तालुक्यातल्या एका गायन पार्टीत तीस वर्षं. जयंतीच्या दिवसांत पार्टी गावोगाव फिरते, आणि बाकी वर्षभर बारसं, लग्न, विहाराचं उद्घाटन, कुठेही. ते खोपोलीच्या एका कारखान्यात कामगार होते, मोठ्या आवाजाच्या खात्यात, आणि आता निवृत्त आहेत. शाळा चौथीपर्यंत. पेटी कुणी शिकवली नाही. पण तालुक्यातल्या बिघडलेल्या पेट्या त्यांच्याकडे यायच्या. पितळी पट्ट्या बाहेर काढून, कानसीने किंचित घासून ते सूर लावायचे. दोन सूर जवळ असून जुळत नसले की त्यांच्यात एक लाट उठते, ती ऐकायची. लाट मंद होत होत थांबली की सूर लागला. एवढंच त्यांचं शास्त्र. भजनी मंडळांच्याही पेट्या यायच्या. ज्यांच्या घरी आमचे आजोबा उंबऱ्याबाहेर बसायचे, त्यांची मुलं आमच्या ओट्यावर बसून चहा प्यायची आणि पेटी कधी मिळेल ते नम्रपणे विचारायची. बाबा म्हणायचे, "कान दिलाय, तो सगळ्यांना उपयोगी पडतोय."

मी नववीत असताना ध्वनीचा धडा होता. आमच्या सरांनी शाळेतला एकुलता एक ट्युनिंग फोर्क मला घरी न्यायला दिला. बाबांनी तो गुडघ्यावर आपटून कानाशी धरला, पेटीवर वरच्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी दाबली आणि म्हणाले, "वरची पांढरी एक. पण उतरलेली हाय. शाळेत सांग, घासून घ्या म्हणावं." मी सरांना सांगितलं. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर दोन आकडे लिहून दाखवलं की शास्त्राचा फोर्क संगीताच्या सुरापेक्षा खरोखरच थोडा खाली असतो, आणि म्हणाले, "वडिलांना माझा नमस्कार सांग." त्या सरांमुळे मी विज्ञानाला गेलो. विज्ञानामुळे नोकरी लागली. नोकरीमुळे बेस गिटार आली. सगळ्यांचे उपकार आहेत.

मागच्या वर्षी पुण्याहून एक कार्यक्रम आला. छोटं नाट्यगृह, दोन बँड, दुपारी तालीम आणि संध्याकाळी कार्यक्रम. आमचं एक गाणं द्रुतगती मार्गाबद्दल आहे: गाडीतून आपलं गाव दिसतं, घराचं छप्परही दिसतं, पण उतरता येत नाही. गाणारी म्हणाली, "ह्यात तुझ्या बाबांची पेटी हवी." मी घरी विचारलं. बाबा म्हणाले, "तुमच्या त्या दणदणाटात माझं काय काम?" आणि त्याच दुपारी पेटी उघडून भाते पुसायला बसले.

रविवारी सकाळी ते गिरणीत आले. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा. पेटी चादरीत बांधलेली. पोत्यावर बसायला नको म्हणाले, जमिनीवरच बसले. आम्ही गाणं सुरू केलं, त्यांनी चौथ्या ओळीला सूर दिला आणि सगळ्यांची तोंडं एकदम वाकडी झाली.

थांबलो. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच.

"जरा खाली या," बाबा म्हणाले. "तुमी वर हाय."

गिटारवाल्याने यंत्र लावून एकेक तार दाखवली. "बगा काका. हिरवा. हिरवा. ह्यो पण हिरवा."

माझी बेसही हिरवी निघाली. बाबा त्या दिव्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पेटीवर एक पट्टी दाबून डोळे मिटले, आणि डोळे उघडले तेव्हा माझ्याकडे बघितलं. 

मी म्हणालो, "बाबा, पेटी जुनी झाली असेल. राहू दे आज."

"आसंल," ते म्हणाले आणि चादर बांधायला लागले. ड्रमवाल्याने आग्रहाने चहा दिला. तो त्यांनी पूर्ण प्यायला.

परतताना स्कूटरवर मागे बसून पळसदरीच्या पुढे ते म्हणाले, "खरं सांग. तुला पण मी उतरलेला वाटलो?"

मी म्हणालो, "थोडं."

एवढा एकच शब्द मी बोललो. त्याचे परिणाम पुढचे तीन महिने चालले.

आधी त्यांनी दुरुस्तीला आलेल्या दोन पेट्या तशाच परत केल्या. भजनी मंडळाच्या बुवांना सांगितलं, "कान गेला माझा. खोपोलीत दुसरा कोन बगा." मग पार्टीच्या गायकाला निरोप गेला की येत्या जयंतीला पेटीवर कुणी तरुण बसवा. गायक घरी आला, तासभर बसला, "अरे, तुझ्यामागं गातो म्हनून मला गायक म्हनतात," असं म्हणाला, तरी हे ऐकेनात. पेटी कपाटावर गेली.

मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तेही माझंच डोकं. तपासणीत निघालं की एवढी वर्षं यंत्रांच्या आवाजात काढलेल्या माणसाला बारीक, तीक्ष्ण आवाज थोडे कमी येतात. काळजीचं कारण नाही. डॉक्टरांचं दुसरं वाक्य बाबांनी सोडून दिलं आणि पहिलं घरी आणलं. त्या दिवसापासून त्यांना खरोखर कमी ऐकू यायला लागलं. आईने जेवायला हाक मारली की दोनदा मारावी लागे. टीव्ही एवढा मोठा, की शेजारच्या काकू आमच्या मालिकेतलं पुढे काय झालं ते आईला विहिरीवर सांगायच्या.

"रिपोट येण्याआधी ऐकू येत व्हतं ह्यांना," आई म्हणाली. "आता कागद वाचून भयरे झालेत."

"काय म्हनली?" बाबा म्हणाले.

पुण्याचा दिवस आला. आम्ही बाबांशिवाय गेलो. दुसऱ्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवणारा एक मुलगा होता, अतिशय सभ्य. आयोजकांची इच्छा होती की शेवटचं गाणं दोन्ही बँडनी मिळून करावं. दुपारी तीनला तालीम सुरू झाली. त्याने पहिला सूर दिला आणि आमची तोंडं एकदम वाकडी झाली. हा अनुभव आम्हाला ओळखीचा होता.

"एक मिनिट," तो म्हणाला. "तुम्ही कशाला ट्यून करता?"

गिटारवाल्याने यंत्र पुढे केलं. "हिरवा हाय ना."

त्याने यंत्र हातात घेतलं, कोपऱ्यातला आकडा वाचला आणि फार हळू आवाजात विचारलं, "हे चारशे एकोणपन्नास कुणी केलं?"

 ड्रमवाला म्हणाला, "डीपीमुळं."

आम्ही त्याला सगळं समजावलं. तो ऐकत राहिला. मग त्याने बटण दाबत आकडा ४४० वर आणला आणि म्हणाला, "म्हणजे तीन वर्षं तुम्ही एका खांबाच्या सुरात गाताय." गाणारी म्हणाली, "आणि मला सराव वाढवायला सांगत होते." तिने तिथेच तो वरचा सूर लावून बघितला. लागला. मग ती आमच्या कुणाशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

मी स्टेजच्या कडेला जाऊन बसलो. रोज सकाळी सात उपकरणं तपासून सही करणारा माणूस. बाबा "तुमी वर हाय" म्हणाले तेव्हा गिरणीत पाच माणसं होती. त्यांतल्या एकाला ऐकू येत होतं आणि तोच आता घरी बहिरा होऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी सगळं सांगितलं. आईने टीव्ही बंद केला. बाबा भिंतीला टेकून ऐकत होते.

"म्हंजे तुमचं चढलेलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"मशिनीला कळलं नाय?"

"मशीनला आम्हीच तसं सांगून ठेवलं होतं."

ते सरळ होऊन बसले. मग म्हणाले, "मशिनीचं जाऊ दे. तू 'थोडं' म्हनालास ते कसं काय?"

याचं उत्तर मी रात्रभर शोधलं होतं. चांगलं एकही सापडलं नव्हतं, म्हणून खरं दिलं. "बाबा, मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तुम्ही खाली की आम्ही वर, काही कळलं नाही. मी दिवा बघितला होता."

"दिवा बगून बापाला उतरलेला म्हनालास."

"हो."

आई म्हणाली, "जाऊ द्या आता, पोरगं सांगतंय ना चुकलं म्हनून."

"सांगनारच," बाबा म्हणाले. "बाप खचला की पोरं आसंच काय तरी सांगतात. डाक्टरचा कागद हाय घरात."

म्हणजे त्यांचा विश्वास बसला नव्हता. मी त्यांना बरं वाटावं म्हणून रचून सांगतोय असं त्यांना वाटत होतं. मी यंत्र काढून ४४० चा आकडा दाखवायला लागलो. त्यांनी ते हाताने बाजूला केलं. मी मग कामावर गेलो.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला ड्रमवाल्याचा फोन आला. मी तेव्हा चिकटपणा मोजत होतो, रंगाचा.

"तुझे बाबा डीपीखाली पेटी घेऊन बसलेत," तो म्हणाला.

बाबा पेटी चादरीत बांधून एसटीने कर्जतला आणि तिथून टमटमने कडावला गेले होते. गिरणीत कुणाला काही न सांगता मागच्या बाजूला जाऊन डीपीच्या कुंपणापासून हातभर अंतरावर बसले होते. आजूबाजूला माणसं जमली होती. एका आजीला वाटलं भजन आहे, ती चप्पल काढून बसली. तेवढ्यात वायरमन आला. तो म्हणाला, "काका, तक्रार असंल तर हापिसात अर्ज द्या. हितं बसून काय होत नाय."

"गप रं जरा," बाबा म्हणाले. "ऐकू दे."

हे सगळं ड्रमवाला मला फोनवर सांगत होता. मग त्याने फोन तसाच चालू ठेवून पुढे धरला. आधी मला नुसती डीपी ऐकू आली. मग पेटीचा सूर. त्यांनी पांढरी पाच धरली होती. फोनवरूनही कळत होतं की दोन सूर एकमेकांत मिसळत नाहीत, त्यांच्यात काहीतरी हलतंय. मी प्रयोगशाळेत उभा राहून तो हेलकावा ऐकत होतो.

बाबांनी सूर सोडला नाही. बराच वेळ धरून ठेवला. मग त्यांचा आवाज आला, वायरमनला उद्देशून.

"लाट येते का तुला?"

"कसली लाट?"

"हात ठेव ह्या पेटीवर. आली? गेली. आली. गेली."

"व्हय की," वायरमन म्हणाला.

"पेटी जाग्यावर हाय. तुमचा खांब चढलेला हाय."

"आमच्याकडं वरूनच तसा येतो, काका," वायरमन म्हणाला.

आजीने हात जोडले. बाबांनी चादर बांधली, गिरणीत जाऊन ड्रमवाल्याच्या आईकडून पाणी मागून प्यायले आणि टमटमने परत निघाले. माझ्याशी फोनवर बोलले नाहीत. संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा टीव्ही बारीक होता आणि पेटी कपाटावर नव्हती, बाबाही नव्हते. आई म्हणाली, "बुवांकडं गेलेत, पेट्या परत आनायला. पार्टीच्या गायकाला पन फोन केला. म्हनाले, पोराला उठव पेटीवरनं, मी येतो."

आमच्या बँडमध्ये ते आलेच नाहीत. जयंती जवळ आली होती, पार्टीच्या तालमी रोज होत्या. मी एकदा पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाले, "तुमी आधी खाली उतरून राहायला शिका, मग बगू." आम्ही आता ४४० ला वाजवतो. गिरणीत डीपी पुन्हा बेसूर लागते. ते आम्ही सहन करतो.

पार्टीत त्या वर्षी ढोलकीला आणि पेटीला जोड म्हणून त्यांनी मला बेस घेऊन बोलावलं. विहारात तालीम होती. मी यंत्र खिशातून काढलं, त्यांनी हात पुढे केला, मी ते त्यांच्या हातावर ठेवलं. ते शर्टाच्या खिशात गेलं.

"लाव," ते म्हणाले आणि पट्टी दाबली.

मी तार लावली. मला ती बरोबर वाटली. पार्टीचे सगळे लोक माझ्याकडे बघत होते. दिव्याची गोष्ट त्यांना माहीत होती.

"दुसरी तार उतरलीय," बाबा म्हणाले.

पूर्वी मी मान हलवली असती. "मला ऐकू येत नाही, बाबा," मी म्हणालो.

"येईल," ते म्हणाले, आणि पट्टी तशीच दाबून धरली.